डब्यातल्या चांदीच्या नाण्याचे पैसे किती येतात?



दिवाळी सरली की आमच्या गटांच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. कुणाला मुलाची फी भरायची असते, कुणाला कांद्याचं रोप घ्यायचं असतं, कुणाचं वीजबिल थकलेलं असतं. अशाच एका बैठकीत आमच्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज न देता पिशवीतून स्टीलचा लहानसा डबा काढला आणि सतरंजीवर उपडा केला. आत नाणी होती, सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात त्यांच्या हातात दिलेली. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, फीचा दुसरा हप्ता तोंडावर आलेला. ताई म्हणाल्या, "ही मोडून टाकते. पण कितीला मोडू, तेवढं तुम्ही सांगा."

तोवर त्यांना दोन उत्तरं मिळाली होती. एका सराफानं सगळी नाणी एकदम काट्यावर टाकली आणि "जुनी चांदी आहे, सरसकट साठ टंच धरतो," असं सांगितलं. भाच्यानं मात्र मोबाईलवर काहीतरी पाहून सांगितलं, की यातलं एक नाणं लाखात जातं. एक उत्तर जमिनीवरचं, एक आभाळातलं. आम्ही पाच-सहा जणी समोर बसलो होतो, गटाचा पैसा पैसा मोजणाऱ्या, पण दोन्हींतलं खरं कोणतं हे एकीलाही सांगता येईना. शेवटी फीपुरते पैसे अंतर्गत कर्जातून दिले आणि ताईंना म्हटलं, पंधरा दिवस डब्याला हात लावू नका. त्या पंधरा दिवसांत आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो. चांदीची नाणी बहुतेक घरांत असतात. कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या लग्नातल्या ओटीत, कुणाच्या धनत्रयोदशीच्या ताटात.

आधी एक गैरसमज काढू. नाशिक रोडला सरकारी छापखाना आहे म्हणून पुष्कळजणींना वाटतं, नाणीही तिथंच होतात. तिथं नोटा, टपालाची तिकिटं, पासपोर्ट असं छापलं जातं. नाणी टांकसाळीत पडतात. देशात सरकारी टांकसाळी चार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. आपल्या जवळची मुंबईची, फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोर. नाण्यावर सालाच्या खाली बारीक चौकटी हिरा दिसला तर ते मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं.

टांकसाळ आपल्या जिल्ह्याला नवी नाही, बरं का. मोगलाईत नाशिकला गुलशनाबाद म्हणत आणि त्या नावाचे रुपये इथं पडत. चांदवडला होळकरांच्या काळात टांकसाळ होती, तिथल्या रुपयाला चांदवडी म्हणत. त्या काळी बाजारात अनेक ठिकाणचे रुपये एकत्र फिरत आणि सराफ प्रत्येक रुपया पारखून त्यावर बट्टा कापत. रुपया दिसायला रुपयाच, पण आत चांदी किती आणि झिजला किती, यावर त्याची खरी किंमत ठरे. आम्हाला जे शिकायला पंधरा दिवस लागले, ते त्या बाजारातल्या साध्या गिऱ्हाइकालाही पाठ असणार.

आता मुद्द्यावर येऊ. सरकार एखाद्या घटनेची किंवा थोर माणसाची आठवण म्हणून नाणं काढतं, त्याला स्मारक नाणं म्हणतात. स्मारक नाणं म्हणजे चांदीचंच, असं मुळीच नाही. १९९९ साली शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं निघालं, त्याच साली संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं, २००२ ला संत तुकारामांचं दोन रुपयांचं, पुढे लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. ही नाणी आपण भाजीवाल्याला देऊन टाकली आहेत. त्यांत चांदीचा कणही नाही. ताईंच्या डब्यात शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं एक निघालं. सासूबाईंनी ते मानानं चांदीच्या नाण्यांसोबत ठेवलेलं. ताईंनी त्याला हात लावून नमस्कार केला आणि बाजूला ठेवलं. हिशेबात ते दोन रुपयेच.

चांदीच्या नाण्यावर जो आकडा लिहिलेला असतो ती दर्शनी किंमत. या आकड्याचा आणि चांदीच्या भावाचा काही संबंध नसतो. मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला ७५ रुपयांचं नाणं काढलं, कारण स्वातंत्र्याची पंच्याहत्तर वर्षं. ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दी जयंतीला ३०० रुपयांचं नाणं निघालं, कारण जन्माला तीनशे वर्षं झाली. चांदवडच्या रंगमहालामुळे आपल्याकडं अहिल्याबाईंबद्दल जिव्हाळा मोठा, त्यामुळे "तीनशेला चांदीचं नाणं मिळतंय म्हणे" अशी चौकशी आमच्याकडे बऱ्याचजणींनी केली. मिळत नाही. टांकसाळ अशी नाणी स्वतःची विक्री किंमत ठरवून, डबीत घालून विकते आणि ती किंमत दर्शनी आकड्याहून कितीतरी जास्त असते. अशी नाणी चलनात फिरवायला काढलेली नसतात. बँकेच्या खिडकीवर ती मिळत नाहीत आणि किराणा दुकानात ३०० रुपये म्हणून देण्याइतका वेडेपणा कुणी करूही नये.

मग खरी किंमत कशी काढायची? नाण्याच्या आत चोख चांदी किती ग्रॅम आहे, हे पहिलं काम. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात, वजन आणि टंच. टंच म्हणजे शंभरात चांदी किती. दोन्हींचा गुणाकार केला की झालं.

संसद भवनाचं नाणं घ्या. वजन ३५ ग्रॅम. त्यात चांदी ५० टक्के, तांबं ४० टक्के, निकेल ५ आणि जस्त ५. म्हणजे चोख चांदी साडेसतरा ग्रॅम. हातात घेतलं की भरभक्कम लागतं, चमकतंही छान, आणि बघणारी सहज "साडेतीन भार चांदी" म्हणून मोकळी होते. चांदी मात्र पावणेदोन भार. आपल्या रेडिओवरच्या मैत्रिणींना आवडेल असं दुसरं उदाहरण म्हणजे 'मन की बात' या आकाशवाणीवरच्या कार्यक्रमाचा शंभरावा भाग. एप्रिल २०२३ मध्ये त्या निमित्तानं निघालेल्या १०० रुपयांच्या नाण्याचं मिश्रण अगदी हेच. अटलबिहारी वाजपेयींच्या १०० रुपयांच्या नाण्याचंही हेच. अलीकडे मात्र ९९९ शुद्धतेची ४० ग्रॅमची स्मारक नाणीही निघाली आहेत, उदाहरणार्थ बिरसा मुंडांचं १५० रुपयांचं. म्हणून नुसतं "सरकारी आहे" म्हणून चालत नाही. प्रत्येक नाण्याचं वजन आणि धातू केंद्र सरकार राजपत्रात छापतं आणि ते डबीतल्या कागदावरही असतं. तो कागद टाकू नका.

आता ताईंच्या डब्यातलं सगळ्यात चकवणारं नाणं. एका बाजूला गांधीजी, खाली १८६९–१९४८ असं लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला सिंहमुद्रा आणि १० रुपये. ताईंच्या घरी सगळे म्हणत, हे १९४८ चं, गांधीजी गेले त्या वर्षाचं. ते साल जन्ममृत्यूचं आहे. नाणं निघालं गांधीजींच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंचं, पण त्यात चांदी नव्हती. गांधीजींच्या या दहा रुपयांत ती होती, आणि चांगली होती. वजन १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे चोख १२ ग्रॅम. पुढच्या वर्षी, १९७० ला, 'सबके लिए अन्न' असं लिहिलेलं दहाचं नाणं आलं, तेही असंच १५ ग्रॅम आणि ८० टक्के. मग १९७२ ला स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं आलं. ते साडेबावीस ग्रॅमचं, हातात घेतलं तर गांधीजींच्या नाण्यापेक्षा दीडपट जड. पण चांदी ५० टक्क्यांवर आणलेली, म्हणजे चोख सव्वाअकरा ग्रॅमच. जड नाण्यात चांदी कमी, हलक्यात जास्त. नुसत्या काट्यावर टाकून सरसकट भाव का घेऊ नये, याला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. 'समानता, विकास, शांती' या घोषवाक्याची नाणी त्या साली निघाली. त्यांतलं दहा रुपयांचं तांबं-निकेलचं आणि पन्नास रुपयांचं निम्म्या चांदीचं. म्हणजे महिला वर्षाचं नाणं घरी असेल तर आनंद आहेच, पण त्यावर दहा लिहिलंय की पन्नास, ते आधी बघा. दिसायला दोन्ही पांढरीच.

इंग्रजांच्या वेळचे रुपये स्मारक नाणी नाहीत, पण आपल्या घरांतून तेच जास्त निघतात म्हणून त्यांचंही सांगतो. राणीछाप, राजाछाप, कुणी सुरती म्हणतं. व्हिक्टोरिया राणी, मुकुट नसलेला सातवा एडवर्ड आणि मुकुटवाला पाचवा जॉर्ज, या तिघांचा रुपया एका तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि चांदी जवळजवळ ९१.७ टक्के. चोख चांदी १०.६९ ग्रॅम. दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदी कमी पडायला लागली, आणि १९४० पासून सहाव्या जॉर्जचा रुपया निम्म्या चांदीचा झाला. वजन तेच ११.६६, चांदी ५.८३. गंमत म्हणजे तेव्हाचं मिश्रण, ५० चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त, आजच्या ३५ ग्रॅमच्या स्मारक नाण्यांत जसंच्या तसं चालत आलंय. आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं तर चिकटतो. चांदी चुंबकाला चिकटत नाही. म्हणून राजाछाप म्हणजे चांदी, असं न म्हणता साल वाचायचं.

ताईंच्या डब्याचा हिशेब आम्ही वहीत मांडला. सोपं जावं म्हणून चांदी किलोला एक लाख धरली, म्हणजे ग्रॅमला १०० रुपये. (पेपरात किलोचा भाव असतो, त्याला हजारानं भागलं की ग्रॅमचा.) राणी आणि पाचव्या जॉर्जचे मिळून तीन रुपये, प्रत्येकी १,०६९, म्हणजे ३,२०७. सहाव्या जॉर्जचा १९४४ चा एक, ५८३. गांधीजींचं नाणं १,२००. सराफाकडून घेतलेलं लक्ष्मीचं २० ग्रॅमचं ९९९ चं नाणं, २,०००. बेरीज ६,९९० रुपये. आता सराफानं म्हटलं तसं करू. सगळ्यांचं वजन ८१.६४ ग्रॅम, सरसकट साठ टंच, म्हणजे ४,८९८ रुपये. फरक दोन हजारांच्या वर. चांदीचा भाव दुप्पट झाला की हा फरकही दुप्पट. आमच्या गटात महिन्याला दोनशे रुपये बचत भरताना काहीजणींची ओढाताण होते, म्हणून दोन हजार हा आकडा आम्हाला फार मोठा वाटला.

त्या सराफानं फसवलं असं आम्ही म्हणत नाही. मिसळलेली नाणी पाहिली की दुकानदार आपल्या बाजूनं सुरक्षित आकडा धरतो. नाणी वेगवेगळी करणं हे आपलं काम होतं आणि ते आपण केलं नव्हतं. प्रत्यक्ष वजन थोडं कमी भरतं हेही लक्षात असू द्या. कमरेच्या कशात, गळ्यातल्या माळेत वर्षानुवर्षं राहिलेला रुपया झिजतो. पुस्तकातलं वजन आशेसाठी, काट्यावरचं व्यवहारासाठी.

भाव कोण ठरवतं, असं बैठकीत एकीनं विचारलं. चांदीचा मूळ भाव जगाच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो, औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला. डॉलर महागला की इथं चांदी महागते, मग जगात भाव हलला नाही तरी. वर आयात शुल्क. जुलै २०२४ मध्ये ते १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा भाव एकदम खाली आलेला अनेकींना आठवत असेल. जगातली निम्म्याहून जास्त चांदी दागिन्यांत जात नाही, कारखान्यांत जाते, सोलरच्या पॅनेलमध्ये, विजेच्या उपकरणांत. म्हणून २०२५ च्या सुरुवातीला किलोला लाखाच्या आत असलेली चांदी वर्ष संपताना दोन लाखांच्या पुढे गेली. जी इतकी चढते ती तितकीच घसरूही शकते. भाव चढतोय म्हणून कर्ज काढून चांदी घेऊ नका, हे आम्ही गटात स्पष्ट सांगतो, मग कुणाला राग आला तरी चालेल.

आता तो लाखाचा प्रश्न. चांदीपेक्षा जास्त पैसे नाण्याला मिळू शकतात का? मिळू शकतात, पण ते सराफ देत नाही, नाण्यांचा छंद असलेला माणूस देतो. आणि तो बघतो तीन गोष्टी, नाणं किती दुर्मिळ आहे, किती चांगल्या स्थितीत आहे, आणि ते हवं असणारे किती जण आहेत. जुनं म्हणजे दुर्मिळ, हे खरं नाही. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया घ्या. ते साल तसंच ठेवून पुढची बारा वर्षं, १८७४ पर्यंत, रुपये पाडत राहिले, म्हणून १८६२ लिहिलेले रुपये ढीगभर आहेत. उलट पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया बघा. राजाच्या अंगावरच्या साखळीत कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजात नाराजी झाली, नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेसह कोरला. म्हणून १९११ चा रुपया त्याच चांदीचा असून जास्त पैसे आणतो. १९३९ चा रुपयाही फार कमी सापडतो, पण त्याची बनावट नाणीही तितकीच फिरतात. गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं मात्र मोठ्या संख्येनं निघालेलं, त्यामुळे साधारण स्थितीतल्या नाण्याला चांदीच्या आसपासच भाव येतो.

स्थितीचं म्हणाल तर इथं आपणच आपलं नुकसान करतो. दिवाळीला देवाची भांडी घासताना रुपयाही चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लावून घासतो. लख्ख होतो, पण राणीच्या केसांच्या बटा पुसल्या जातात. छंदी माणूस काळपट, न घासलेलं नाणं घेईल, घासलेलं परत करेल. माळेसाठी कडी डाग देऊन लावलेली असेल तरी तेच, मग फक्त धातूचा भाव. टांकसाळीच्या डबीतली जी आरशासारखी नाणी असतात, ज्यांना प्रूफ म्हणतात, त्यांना तर बोटही लावू नये. त्यावर उमटलेला ठसा पुढं निघत नाही. पूजेला ठेवायचं असेल तर साधा जुना रुपया ठेवा, हळदकुंकू त्यालाच लावा.

डबीतली स्मारक नाणी घेताना टांकसाळीला दिलेली किंमत आणि आतल्या चांदीची किंमत यांत अंतर असतं. ते अंतर आठवणीचं, घडणीचं आणि डबीचं. पुढे ते भरून येईल की नाही, हे त्या नाण्याला गिऱ्हाईक किती यावर. घ्यायचंच तर ज्या माणसाबद्दल, ज्या घटनेबद्दल मनात आदर आहे त्याचं घ्या, आणि नातवंडांसाठी ठेवा. फीच्या पैशातून घेऊ नका.

लक्ष्मी-गणपतीची खासगी नाणी ही कायद्यानं नाणी नाहीतच, ते चांदीचे तुकडे. त्यावर रुपयांचा आकडा नसतो. त्यांची किंमत सरळ, वजन गुणिले भाव. पण घेताना घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी आपण देतो. विकताना यातलं काही परत येत नाही. म्हणजे २,००० ची चांदी घडणावळ-करासह समजा २,३५० ला घेतली, तर दुसऱ्या दिवशी ती २,००० चीच. शुद्धतेसाठी हॉलमार्क बघा. चांदीवर हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक मिळतो आणि बीआयएस केअर ॲपवर तो घालून खात्री करता येते. नुसतं ९९९ कोरलेलं पुरेसं नाही. आणि जर्मन सिल्व्हर या नावात सिल्व्हर असलं तरी आत तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी शून्य.

टंच तपासायला सराफ बाजारात मशीन असतात. नाणं न कापता, न घासता दोन मिनिटांत टक्केवारीची चिठ्ठी मिळते. ते मशीन वरचा थर वाचतं, मुलामा दिलेल्या नाण्याला फसू शकतं, म्हणून वजन आणि जाडीही जुळवून बघा. कुणी "वितळवून बघू" म्हणालं तर सरकारी नाणं मुळीच देऊ नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवणं, तोडणं हा गुन्हा आहे.

ताईंच्या भाच्यानं ज्याला लाख सांगितले, ते नाणं निघालं माता वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं, २०१२ चं. चांदी नाही, दुर्मिळही नाही. तरी त्यानं फोटो पाठवला होता आणि फोनवरचा माणूस "नाणं मंजूर झालं, नोंदणीचे ९९९ रुपये भरा, मग कर भरा" असं म्हणत होता. पत्रावर रिझर्व्ह बँकेचा शिक्काही छापलेला. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, कसलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक असूच शकत नाही. कांदा विकताना व्यापाऱ्यानं आपल्याकडंच पैसे मागितले तर आपण काय म्हणू? भाच्यानं पैसे भरले नव्हते, एवढं नशीब.

मोडण्याऐवजी तारण ठेवायचा विचार असेल तर रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये काढलेले नियम उपयोगी आहेत. १ एप्रिल २०२६ ही त्यांची अंमलबजावणीची मुदत. त्यांनुसार चांदीचे दागिने आणि नाणी यांवर कर्ज देता येतं. नाण्यांची मर्यादा एका कर्जदाराला ५०० ग्रॅम. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात तारणाच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. आणि इथंही किंमत धरतात ती फक्त आतल्या धातूची. महिला वर्ष असो की महायुद्धाचं साल, बँकेच्या काट्याला त्याचं काही नाही. शाखेत आधी विचारून जा, प्रत्येक शाखा चांदी घेईलच असं नाही.

त्या पंधरा दिवसांत त्र्यंबकेश्वरला जाताना आम्ही अंजनेरीला उतरलो. डोंगराच्या पायथ्याशी नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली, डॉ. परमेश्वरी लाल गुप्ता आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकारातली. हनुमानाच्या दर्शनाला आपण इतक्यांदा जातो आणि हे संग्रहालय रस्त्यालाच असून पाहत नाही. तिथं नाण्यांचा प्रवास बघताना आमच्यातली एक म्हणाली, "एवढ्याशा तुकड्यावर किती राजे येऊन गेले."

पुढे ताई दोन दुकानांत गेल्या. या वेळी प्रत्येक नाणं वेगळ्या कागदात, कागदावर वजन आणि टंच लिहिलेलं, सोबत मशीनची चिठ्ठी. दुकानदारानं कागद वाचले आणि सरसकटचा शब्द काढला नाही. त्या दिवसाच्या भावातून थोडी घट धरून लक्ष्मीचं नाणं, १९४४ चा रुपया आणि कडी लावलेली, झिजलेली एक राणी एवढंच त्यांनी विकलं. पावती घेतली. गटाच्या कर्जातला मोठा भाग त्याच आठवड्यात फिटला, उरलेला तीन हप्त्यांत.

डब्यात आता दोन रुपये आणि गांधीजींचं नाणं आहे. मुलीनं वहीच्या पानावर तिघांचं वजन, साल आणि चांदीचे ग्रॅम लिहून ते पान घडी करून डब्यात ठेवलंय. शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणंही तिनं परत आतच ठेवलं.